मतदानाचं वय कायद्यात अठरा, बोटावर बावीस

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान होतं. घरातून आम्ही सहा जण निघालो आणि परत आलो तेव्हा पाच जणांच्या बोटावर खूण होती. सहावी माझी पुतणी. मतदान केंद्रात मोबाइल नेता येत नाही, म्हणून ती शाळेच्या फाटकाबाहेर आमचे सगळ्यांचे फोन ओंजळीत धरून उभी होती. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणजे चार वेळा बटण दाबायचं. माझी आई तिसऱ्या बटणापाशी अडली, आतल्या बाईंनी तिला पुन्हा समजावलं, मागच्या रांगेतून कुरकुर झाली. एवढं रामायण उरकून बाहेर येतो तर ही गाल फुगवून बसलेली.

"काका, मी साडेअठरा वर्षांची आहे. लायसन्स आहे, बँकेत स्वतःचं खातं आहे. मग फोन सांभाळायला मीच का?"

तिचा जन्म ९ जुलै २००७ चा. या निवडणुकांना विधानसभेची १ जुलै २०२५ ची मतदार यादी धरली होती. बाईसाहेब आठ दिवसांनी हुकल्या. यात कुणी नाव गाळलं नव्हतं, कुणी अर्ज हरवला नव्हता. तारीखच तशी पडली.

तिची समजूत काढायला म्हणून मी तिथेच बोटं मोजायला लागलो. पुढची निवडणूक कोणती? लोकसभा, २०२९ चा उन्हाळा. तेव्हा हिचं वय एकवीस वर्षं आणि नऊ-दहा महिने. विधानसभा त्याच वर्षाच्या अखेरीला. महापालिका वेळेवर झालीच तर २०३१ मध्ये, म्हणजे साडेतेवीस. मधे सरकार पडलं किंवा पोटनिवडणूक लागली तर गोष्ट वेगळी.

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या वेळचा तो एकवीसचा कायदा अजून असता, तरी माझं पहिलं मत २०२९ लाच पडलं असतं?"

हो. तेव्हाच पडलं असतं. १९८९ साली देशाने मतदानाचं वय तीन वर्षांनी खाली आणलं, त्याचा या पोरीला एका दिवसाचाही फायदा झालेला नाही.

मतदानाचं वय सोळा करावं का, ही चर्चा हल्ली जगभर सुरू आहे आणि आपल्याकडेही अधूनमधून डोकं वर काढते. आपल्याकडे ती "या पोरांना कळतं काय" इथून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. कळण्या-न कळण्याकडे येतोच, पण आधी फाटकाबाहेरचं ते गणित पूर्ण करू. मला तरी ते कुठल्याही तात्त्विक वादापेक्षा मोलाचं वाटतं.

अठरा म्हणजे साडेवीस

अठरा वर्षं पूर्ण झाली की हक्क मिळतो. तो वापरायचा तर निवडणूक लागावी लागते, आणि कुठल्याही एका सभागृहाची निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते. निवडणुकीच्या अगदी तोंडावर जो अठराचा झाला त्याला लगेच मत मिळतं. जो थोडक्यात हुकला तो पुढच्या खेपेला तेवीसचा झालेला असतो. बाकीचे सगळे या दोघांच्या मधे. सरासरी काढली तर त्या सभागृहासाठी पहिलं मत साडेविसाव्या वर्षी पडतं. हाच हिशेब सोळाला लावा: कुणी सोळाव्या वर्षी, कुणी एकविसाव्या, सरासरी साडेअठरा. ज्यांना मनापासून वाटतं की माणसाने अठराच्या आसपास पहिलं मत द्यावं, त्यांना कायद्यात सोळा लिहावं लागेल. ऐकायला उलटं वाटतं, पण गणित तेच सांगतं.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे एकच निवडणूक थोडीच असते? लोकसभा, विधानसभा, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, काही ना काही चालूच असतं. बरोबर आहे. त्या जर वेगवेगळ्या वर्षी आल्या तर वाट पाहण्याचा काळ कमी होतो. पण महाराष्ट्रात सध्या काय झालंय बघा. लोकसभा २०२४ च्या उन्हाळ्यात, विधानसभा त्याच वर्षी नोव्हेंबरात, आणि वर्षानुवर्षं रखडलेल्या नगरपालिका, महापालिका डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये. गणपती, दसरा, दिवाळी ओळीने यावी तसं सगळं दोन वर्षांत उरकलं. आता २०२९ पर्यंत शहरातल्या नव्या मतदाराला कोरडं वर्ष, त्यानंतर कोरडं वर्ष.

'एक देश, एक निवडणूक' याबद्दलचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. त्यावर खर्च, आचारसंहिता, संघराज्य अशा सगळ्या अंगांनी बोललं गेलं. लोकसभा आणि विधानसभा कायमच्या एकत्र आल्या तर माझ्या पुतणीसारख्या मुलांची वाट पाहणीही कायमची पक्की होते, हा मुद्दा मात्र मी फारसा कुठे ऐकला नाही. अठराचे असे मतदार सभा भरवत नाहीत, त्यामुळे असेल.

अर्हता दिनांक नावाची गोम

मतदार यादीच्या कामात एक शब्द सतत येतो: अर्हता दिनांक. तुम्ही अठराचे मतदानाच्या दिवशी झालात का, हे कुणी बघत नाही. एका ठरलेल्या तारखेला अठरा पूर्ण होते का, हे बघितलं जातं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये ही तारीख वर्षानुवर्षं एकच होती, १ जानेवारी. २ जानेवारीला जन्मलेल्याला नाव नोंदवायला पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंत थांबावं लागे. २०२१ च्या दुरुस्तीने तारखा चार झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १ ऑगस्ट २०२२ पासून हे लागू आहे. शिवाय सतरा पूर्ण झालेल्या मुलांना आगाऊ अर्ज भरता येतो. वय भरलं की नाव चढतं.

ही दुरुस्ती फारशी गाजावाजा न होता झाली. माझ्या मते १९८९ नंतर तरुण मतदारांसाठी झालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. तरी तिच्यातही फट राहते ती राहतेच. निवडणुकीसाठी यादी कुठल्यातरी तारखेला गोठवावी लागते, प्रभागनिहाय फोडावी लागते, हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्या तारखेनंतर जो मोठा झाला तो त्या निवडणुकीपुरता लहानच.

एकवीस आलं कुठून?

एकवीस हा आकडा आपण इंग्रजांकडून घेतला आणि इंग्रजांनी तो सरंजामी काळातून आणला. जड चिलखत घालून घोड्यावर बसून लढायचं बळ एकविसाव्या वर्षी येतं, म्हणून सरदाराच्या मुलाला त्या वयात जमिनीचा ताबा मिळे, असं त्याचं मूळ सांगतात. लोकशाही आली, चिलखत गेलं, आकडा राहिला. १९१८ च्या ब्रिटिश कायद्याने पुरुषांना एकविसाव्या वर्षी आणि बायकांना तिसाव्या वर्षी मत दिलं. पण महायुद्धात लढलेल्या सैनिकांना त्याच कायद्याने एकोणिसाव्या वर्षी दिलं. समज किती वर्षांची लागते हा प्रश्न असता तर एकाच देशात, एकाच वर्षी, तीन उत्तरं निघाली नसती. हिशेब उपकारांचा होता.

आपल्याकडे १९३५ च्या कायद्याखाली मत मिळे ते सारा भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला, शिकलेल्याला. त्याआधी १९२८ मध्येच नेहरू अहवालाने स्त्री असो की पुरुष, एकवीस वर्षांच्या प्रत्येकाला मत असावं असं म्हटलं होतं. राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदात तोच आकडा आला. त्या वेळी खरी उडी वयाची नव्हतीच. निरक्षर, भूमिहीन, बायका, दलित, सगळ्यांना एका फटक्यात मत, हे धाडस एवढं मोठं होतं की एकवीस की अठरा यावर कुणी रक्त आटवलं नाही.

आणि वय म्हणजे तरी काय? माझी जन्मतारीख १ जून. वडिलांची १ जून. वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जून. मराठी शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, "कधी झाला हा?" आई सांगायची, "त्या वर्षी मोठा पूर आला होता, त्याच्या पुढच्या दिवाळीत." गुरुजी पोराच्या डोक्यावरून हात नेऊन कानाला लागतो का बघायचे आणि वहीत १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, हिशेबाला बरं पडतं. त्या दाखल्यावर पुढे नोकरी लागली, लग्न झालं, निवृत्ती झाली. एका दिवसाने किंवा आठ दिवसांनी मत हुकतं तेव्हा मला हटकून ते गुरुजी आठवतात.

१९८८ चा डिसेंबर

राजीव गांधींचं सरकार होतं, लोकसभेत चारशेच्या वर खासदार. १३ डिसेंबर १९८८ ला बी. शंकरानंद यांनी घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं. १५ तारखेला लोकसभेत मंजूर, २० तारखेला राज्यसभेत मंजूर. निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यता दिली आणि २८ मार्च १९८९ ला राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांची सही झाली. ही ६१ वी घटनादुरुस्ती. मजकूर एवढाच की ३२६ व्या अनुच्छेदात 'एकवीस' च्या जागी 'अठरा' वाचावे.

विधेयकाला जोडलेलं उद्देशांचं निवेदन मजेशीर आहे. आजची तरुण पिढी शिकलेली आणि सजग आहे, तिला आपल्या भावनांना वाट करून द्यायची संधी मिळेल, असा त्याचा सूर. आणखी एक गोष्ट त्यात नमूद आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही: काही राज्यांनी आपल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी अठरा हे वय आधीच स्वीकारलं होतं. दिल्लीने जे १९८९ मध्ये केलं त्याची रंगीत तालीम गावपातळीवर झाली होती. याकडे शेवटी परत येऊ.

त्या वर्षापुरती अर्हता तारीखही बदलली. १ जानेवारी तर उलटून गेली होती, म्हणून खास १९८९ साठी १ एप्रिल ही तारीख कायद्यात घातली. सरकारला नव्या मतदारांना यादीत आणायचंच होतं, तेव्हा तारीख कशी हलते ते बघून ठेवण्यासारखं आहे.

मी त्या खेपेचा. कागदोपत्री एकोणीस वर्षांचा, गुरुजींच्या कृपेने. नोव्हेंबर १९८९. मतपत्रिकेवर शिक्का मारला, घडी चुकीची घातली तर शाई समोरच्या चिन्हावर उमटून मत बाद होईल या धाकाने ती तीनदा उलगडून पाहिली. केंद्रावरचा अधिकारी म्हणाला, "अरे, प्रेमपत्र आहे का ते?" आमच्यासारख्या नव्यांमुळे आणि नेहमीच्या वाढीमुळे १९८४ मध्ये चाळीस कोटींच्या आसपास असलेली मतदारसंख्या जवळपास पन्नास कोटींवर गेली.

पोरांनी भावनांना वाट करून दिली. काँग्रेस चारशेच्या वरून १९७ वर आली.

ज्याने वय खाली आणलं त्याचं भलं झालं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण वय कमी करा म्हणणाऱ्या आणि नको म्हणणाऱ्या दोघांच्याही पोटात एकच गोष्ट असते: ही पोरं कुणाला मत देतील?

राजीव गांधी हरले त्याला बोफोर्स होतं, व्ही. पी. सिंग होते, बरंच काही होतं. अठराच्या पोरांनी हरवलं असं म्हणता येणार नाही. पण त्यांनी वाचवलंही नाही. ब्रिटनमध्ये हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने १९६९ मध्ये एकवीसचं अठरा केलं आणि जून १९७० ची निवडणूक ते हरले. अमेरिकेत व्हिएतनामच्या काळात 'लढायला चालतो तर मत द्यायला का नाही' ही घोषणा पेटली, मार्च १९७१ मध्ये संसदेने २६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि शंभर दिवसांत, १ जुलैला, पुरेशा राज्यांनी तिला मान्यताही दिली. युद्धाला विरोध करणारी ही पोरं राष्ट्राध्यक्ष निक्सनना घरी बसवतील असं अनेकांनी धरलं होतं. १९७२ मध्ये निक्सन पन्नासपैकी ४९ राज्यं जिंकले.

जर्मनीत युरोपीय संसदेच्या २०२४ च्या निवडणुकीत सोळा वर्षांच्यांना पहिल्यांदा मत मिळालं. तरुणांवर विसंबलेल्या ग्रीन पक्षाची मतं तरुणांतच कोसळली आणि कडव्या उजव्या पक्षाची वाढली. मलेशियाने २०१९ मध्ये एकवीसचं अठरा केलं तेव्हा एकाही खासदाराने विरोधात मत दिलं नाही. प्रत्येक बाजूला वाटत होतं, ही आपली.

थोडक्यात, तरुण मत कुणाच्या खिशात नसतं, आणि असेल तर पुढच्या निवडणुकीपर्यंत खिसा बदलतो.

सोळाव्या वर्षी कळतं का?

आता 'कळतं का' याकडे. किशोरवयीन मेंदूवर काम करणारे लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ दोन प्रकारच्या निर्णयांत फरक करतात आणि आपल्या भाषेत तो आधीपासूनच आहे: थंड डोक्याने घेतलेला निर्णय आणि तापल्या डोक्याने घेतलेला. वेळ आहे, माहिती आहे, कुणी चिथावत नाही, अशा स्थितीत सोळा वर्षांची मुलं साधारण मोठ्यांइतकाच विचार करू शकतात. मित्र मागे बसलेत, रात्र आहे, गाडीला वेग आहे, तिथे मात्र विशीच्या पुढेपर्यंत माणूस कच्चाच असतो. मत देणं कुठल्या खान्यात पडतं? प्रचार महिनाभर चालतो, आत एकट्याने जायचं असतं, आडोसा असतो. म्हणजे थंड खान्यात. निदान असायला हवं. शेवटच्या रात्रीची पाकिटं आणि जातीचे मेळावे बघता मोठ्यांची डोकी किती थंड असतात हा प्रश्न आहेच.

ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सगळ्याच निवडणुकांसाठी वय सोळा केलं. तिथल्या अभ्यासांत या मुलांची मतदानाची टक्केवारी त्यांच्याहून थोड्या मोठ्या, अठरा ते वीसच्या मुलांपेक्षा चांगली दिसली. स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात सोळा-सतराच्या मुलांना मत होतं. नंतरच्या सर्वेक्षणात त्यांतल्या ७५ टक्क्यांनी मत दिल्याचं सांगितलं. अठरा ते चोवीसच्या गटात हेच प्रमाण ५४ टक्के होतं.

धाकटी पोरं थोरल्यांपेक्षा जास्त उत्साही कशी? कारण साधं आहे. सोळा-सतराचा मुलगा घरी असतो. आई-वडील केंद्रावर जाताना त्यालाही उठवतात. शाळेत त्याच्याशी कुणी बोलतं. अठरा झाले की तो बाहेर पडतो. लातूरची मुलगी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते, नाव गावच्या यादीत, एसटीचं भाडं आणि दोन दिवस घालवून कोण जाणार? कायद्याने ती वसतिगृहाच्या पत्त्यावरही नाव नोंदवू शकते, महाविद्यालयाचा दाखला जोडून. किती जणींना हे माहीत असतं? मत देणं ही सवय आहे, आणि आपण ती लावायला नेमकं ते वय निवडलंय ज्या वयात माणसाचा पत्ता दर वर्षी बदलतो.

ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत यावर नामी तोड काढली. तिथे मतदान सक्तीचं आहे, पण सोळा-सतराच्या मुलांना ऐच्छिक. ज्याला हौस असेल त्याने यावं. अर्जेंटिनाने २०१२ मध्ये तेच केलं. ब्रिटनच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सोळा करणार असल्याचं जाहीर केलं. इराण मात्र उलट गेला, २००७ मध्ये पंधरावरून अठरावर. तैवानमध्ये २०२२ मध्ये वीसचं अठरा करायला सार्वमत घेतलं, होकार जास्त पडले, तरी एकूण मतदारांच्या निम्म्याने हो म्हणावं ही अट पुरी झाली नाही आणि प्रस्ताव पडला.

आपल्याकडे वयांचा बाजार तर बघण्यासारखा आहे. साडेसतराव्या वर्षी अग्निवीर होता येतं. बिनगिअरची छोटी गाडी सोळाला. मत अठराला. मुलीचं लग्न अठराला, मुलाचं एकवीसला. सरपंच एकवीसला, आमदार-खासदार पंचविसाला. तासगाव-कवठे महांकाळमधून रोहित पाटील २०२४ मध्ये पंचविसाव्या वर्षी निवडून आले, त्याच्या आधी अर्ज भरणंही शक्य नव्हतं. संसदेच्या विधी व न्याय विषयाच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये उमेदवारीचंही वय अठरा करावं असं सुचवलं. निवडणूक आयोग अनुकूल नव्हता.

आणि शिक्षा? २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरामधल्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर परिणामांची समज त्याला होती का हे तपासून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवता येतो. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर सतरा वर्षांच्या आरोपीला निबंध लिहायला सांगितलं गेलं तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला होता. "सतरा वर्षांचा घोडा, त्याला काय कळत नाही?" हे वाक्य मी त्या आठवड्यात किमान वीस जणांकडून ऐकलं. त्यातल्याच दोघांना परवा सोळा वर्षांच्या मताबद्दल विचारलं, तर म्हणाले, "छे, लेकरं आहेत ती."

मग हरकत कुठे आहे?

आहे, आणि ती मेंदूची नाही.

घराची आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत मत एकगठ्ठा ठरतं. "आपलं घर अमक्यांचं" हे वाक्य अजून जिवंत आहे. सोळाची मुलगी, जिला मैत्रिणीकडे जायचं तरी परवानगी लागते, तिचं मत तिचं राहील की वडिलांना दुसरं मत मिळेल? गुप्त मतदान त्यासाठीच असतं, हे उत्तर पुस्तकात ठीक आहे. पण खरं सांगायचं तर हीच शंका एकेकाळी बायकांच्या मताबद्दल जगभर घेतली गेली होती, आणि आता राज्याराज्यांत पक्ष बायकांसाठी वेगळ्या योजना काढून त्यांच्या दारात उभे आहेत. गठ्ठा सुटायला वेळ लागतो, पण सुटतो.

दुसरी हरकत जास्त खरी: सराव नाही. महाराष्ट्रात महाविद्यालयातल्या खुल्या निवडणुका हाणामाऱ्या झाल्या म्हणून १९९० च्या दशकात बंद केल्या. त्यानंतरच्या पिढीने वर्गप्रतिनिधीसुद्धा हात वर करून निवडलेला नाही. आणि नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपरला चिकटलेले थोडे गुण.

तिसरी गोष्ट आकड्यांची. २०२४ च्या लोकसभेला अठरा-एकोणीस वयाचे सुमारे १.८ कोटी मतदार यादीत होते. त्या वयाच्या एकूण मुलांच्या हे निम्मेही भरत नाहीत. ज्यांना मत आहे त्यांचीच नावं यादीत नाहीत, तिथे आणखी दोन वर्षांची पोरं आणून करायचं काय? मलेशियाचा धडा इथे लागू पडतो. त्यांनी वय खाली आणलं तेव्हाच अर्ज भरायची भानगड काढून टाकली. अठरा झाले की नाव आपोआप यादीत. २०१८ मध्ये १.४९ कोटी असलेली यादी २०२२ मध्ये २.११ कोटींवर गेली. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख असते, ती शिक्षण मंडळाकडे असते, आणि तरी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रापुरती यादी सांभाळणारे अधिकारी, म्हणून नेमलेल्या अंगणवाडी ताई किंवा गुरुजी दुपारच्या उन्हात दारोदार 'कुणी अठराचं झालंय का' विचारत फिरतात.

गावापासून

विधानसभा-लोकसभेचं वय सोळा करायचं तर ३२६ वा अनुच्छेद बदलावा लागेल, दोन तृतीयांश बहुमताने, आणि १९८९ सारखी निम्म्या राज्यांची मान्यताही घेऊन. ते नजीकच्या काळात होईल असं मला वाटत नाही. पण हा अनुच्छेद नीट वाचला तर त्यात फक्त लोकसभा आणि विधानसभा आहेत. ग्रामपंचायत, नगरपालिका त्यात नाहीत. पंचायतींच्या निवडणुकांबद्दल कायदे करण्याचा अधिकार घटनेच्या २४३-के ने राज्याच्या विधिमंडळाला दिलाय. उमेदवारासाठी किमान एकवीस वर्षांचं बंधन घटनेत आहे. मतदाराच्या वयाचा आकडा तिथे मला दिसला नाही. महाराष्ट्रात आपण सोयीसाठी विधानसभेचीच यादी फोडून वापरतो, म्हणून अठरा तिथेही लागू होतं. ठरवलं तर मुंबईत बसलेलं विधिमंडळ कायदा बदलून गावच्या निवडणुकीपुरती सोळा-सतराच्यांची पुरवणी यादी करू शकेल, असं माझं वाचन आहे. १९८९ च्या आधी काही राज्यांनी हेच केलं होतं, अठराच्या बाबतीत.

आणि गावच्या निवडणुकीतले प्रश्न या पोरांच्या रोजच्या वाटेवरचे असतात. शाळेला जाणारा रस्ता, एसटीचा थांबा, शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह, वाचनालयाचं कुलूप. नळाला पाणी कधी येतं हे पंधरा वर्षांच्या मुलीला घरच्या कर्त्या पुरुषापेक्षा चांगलं माहीत असतं, कारण भरते ती.

पुतणीला हे सगळं सांगितलं, तिने जांभई दिली. मग म्हणाली, "ते जाऊ दे, दादूचा अर्ज भरू या."

दादू तिचा धाकटा भाऊ, डिसेंबर २००८ चा. सतरा पूर्ण, म्हणजे आगाऊ अर्ज चालतो. संध्याकाळी नव्या मतदाराचा अर्ज, म्हणजे नमुना ६, उघडून बसलो. फोटो दोनदा नाकारला गेला, पहिल्यांदा मागे कपाट होतं, दुसऱ्यांदा डोक्यावर टोपी. जन्मतारखेच्या रकान्यात खरी तारीख टाकताना माझी आई मागून म्हणाली, "१ जून टाक की, लक्षात राहील." शेवटी अर्ज गेला, पोच आली. २०२९ मध्ये तो वीसचा असेल आणि ही एकवीस पूर्ण. दोघांचं पहिलं मत एकाच दिवशी. फोन कुणी धरायचे यावर आत्तापासूनच भांडण चालू आहे.